नकाराचा दुष्परिणाम

‘किडनी मिळाली, जीव वाचला, आता मुलाचा हट्ट कशाला?’ प्रत्यारोपण झालेल्या बाईला हे सासरचे ऐकवतात, माहेरचे ऐकवतात, कधी कधी डॉक्टरही. (प्रत्यारोपण झालेल्या पुरुषाला ‘बाप होऊ नकोस’ म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.) बोलण्यात काळजी असते, म्हणून कुणी उलट बोलत नाही. मी बोलणार आहे.

म्हणे, पोट वाढलं की नवी किडनी दबेल. ही किडनी पाठीशी नव्हे, ओटीपोटात एका बाजूला बसवतात. वाढत्या गर्भाशयाखाली ती सहसा चेपत नाही. केवळ तिच्यासाठी सिझेरियनही करावं लागत नाही. जुळ्या बहिणीची किडनी मिळालेल्या अमेरिकेच्या एडिथ हेल्मने तर १९५८ सालीच मुलाला जन्म दिला.

एडिथची बहीण एकसारखी जुळी, म्हणून शरीराने किडनी नाकारू नये यासाठीच्या औषधांचा तिला जाच नव्हता, हे खरं. औषधांचा आक्षेप वजनदार आहे. त्यातल्या मायकोफेनोलेटने गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या कानात, टाळूत व्यंग येऊ शकतं. पण म्हणूनच गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते थांबवून अ‍ॅझाथायोप्रिन देतात. टॅक्रोलिमस चालू राहतं. गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी उतरते, म्हणून वरचेवर तपासतात. ‘मूल नको’ एवढंच ऐकून घरी गेलेल्या बाईला हे सहा आठवडे कोण सांगणार? डायलिसिसवर बिघडलेली पाळी प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांत सुरळीत होऊ लागते. तिला मात्र वाटत असतं, आपल्याला आता दिवस जायचेच नाहीत. पाळी चुकते, ती कुणाला सांगत नाही, आणि मायकोफेनोलेटची तीच गोळी सकाळ-संध्याकाळ पोटात जात राहते. जिची भीती घातली ती आपत्ती नकारानेच दारात आणली.

धोका नाही असं मी म्हणत नाही. सुमारे तिघींपैकी एकीला प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब, गाठतो, जवळपास निम्मी बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मतात. रक्तातलं क्रिएटिनिन १.५ च्या वर असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, प्रत्यारोपणाला वर्षही झालं नसेल, तर थांबावंच. आणि ‘बाळासाठी सगळ्या गोळ्या बंद करू’ म्हणणाऱ्या मायाळू आत्याबाईंना आधी आवरावं. त्या सल्ल्याने किडनीच जायची.

मागणी लहान आहे. डिस्चार्जच्या कागदावर कच्ची कोशिंबीर खाऊ नये हे लिहितात. तिथेच गर्भनिरोधनाची एक ओळ लिहा, आणि तिच्याखाली दुसरी : मूल हवं असेल तर आधी आम्हाला सांगा.