खेळायलाच हवाय, असं म्हणू या की!

मैत्रिणींनो, एक सांगा बरं. आपल्या घरात एखादी वस्तू 'मला हवी होती म्हणून आणली', असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? मिक्सर येतो तो पाहुण्यारावळ्यांसाठी. मोठा टीव्ही येतो तो सासऱ्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून. मायक्रोवेव्ह येतो तो मुलांना गरम जेवण मिळावं म्हणून. आणि कॉम्प्युटर? तो तर कायम अभ्यासासाठीच येतो! त्याच्यावर दिवसभर काय चालतं ते सगळ्या घराला ठाऊक असतं, पण घेतानाचं कारण मात्र ठरलेलं.

कारणांचं हे सोंग आपण इतकं अंगी मुरवलंय, की आपल्या मुली ते न शिकवताच शिकतात. मुलगा म्हणाला, 'कॉम्प्युटर जुना झालाय, गेम चालत नाही,' तर घर कुरकुरतं, पण ऐकून घेतं. तेच मुलगी म्हणाली, तर 'तुला कशाला गं गेम?' हा प्रश्न आलाच. मग ती पुढच्या वेळी 'प्रोजेक्ट आहे' असं म्हणते. माझं म्हणणं असं, की हे सोंग आता पुरे. मुलींसाठी तर पुरेच, पण आपल्या पर्सचा विचार केला तरी पुरे. कारण कॉम्प्युटरच्या बाबतीत खोटं कारण सांगितलं, की हमखास चुकीची वस्तू घरात येते.

पटत नाही? बघा हं. दुकानात जाऊन 'अभ्यासासाठी जरा फास्ट करून द्या' म्हटलं, की समोरचा मोठी हार्ड डिस्क सुचवणार, अँटिव्हायरस सुचवणार, फार तर नवा कीबोर्ड-माउस गळ्यात घालणार. गेमला यातलं काहीच लागत नाही. गेमला लागतं ते ग्राफिक्स कार्ड, पुरेशी रॅम आणि या दोघांना नीट वीज पुरवणारा एसएमपीएस. म्हणजे पैसे जाणार आणि गेम अडखळायचा तो अडखळतच राहणार!

आमच्याकडे कॉम्प्युटर आला २०१४ साली, थोरल्याच्या डिप्लोमाच्या वेळी. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, अकरावीतल्या धाकटीने जेवताना सरळ सांगितलं, 'आई, मला गेम खेळायचेत आणि आपला पीसी रडतोय.' सासूबाई म्हणाल्या, 'पोरीच्या जातीला हे काय खूळ!' हे म्हणाले, 'बारावी झाल्यावर बघू.' मी दोनच गोष्टी विचारल्या : कुठले गेम, आणि किती पैशांत? माझी भिशी लागायची होती. त्यातले बारा हजार मी बाजूला काढले आणि सांगून टाकलं, की याच्यावर एक रुपया मिळणार नाही.

मग मी दुकानात गेले. तिथे काय ऐकायला मिळालं असेल? 'वहिनी, हे आता भंगार झालंय. साहेबांना पाठवून द्या, मी त्यांना समजावतो. पन्नास हजारांत एकदम नवा सेट देतो.' पैसे माझे, कॉम्प्युटर माझ्या घरचा, आणि समजावायचं मात्र साहेबांना! मी 'बरं' म्हटलं आणि घरी येऊन लेकीबरोबर स्वतःच समजून घ्यायला बसले. त्यातलं जे पक्कं कळलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे, आधी कुठे अडतंय ते बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. गेम सुरू ठेवून त्यात बघा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकलीय, मेमरी काठोकाठ भरलीय, की प्रोसेसर दमलाय? आपल्या स्वयंपाकघरासारखंच आहे हो. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, रॅम म्हणजे ओटा आणि प्रोसेसर म्हणजे काम करणारी बाई. ओटा वीतभर असेल, तर बाई कितीही चपळ असली तरी पंगत वेळेवर उठणार नाही. तिथे बाई बदलून काय उपयोग? ओटा वाढवायला हवा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त ताटं वाढायला ठेवलेला वेगळा माणूस. मोठी पंगत असेल तर तो लागतोच.

दुसरी गोष्ट फुकटातली. कॅबिनेट, म्हणजे आपण ज्याला सरसकट सीपीयू म्हणतो तो डबा, उघडून साफ करा. आधी प्लग काढायचा, मग लोखंडी भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची, आणि मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढायची. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, तो गरगरा फिरू देऊ नका. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून गेली असेल तर ती बदलून घ्या. कॉम्प्युटर तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आपल्याकडच्या धुळीत दहा वर्षं राहिलेला डबा हळू चालतो, तो बरेचदा म्हातारपणामुळे नव्हे, तर घुसमटल्यामुळे!

तिसरी गोष्ट एसएसडी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही, म्हणून ती कितीतरी पटींनी चपळ असते. विंडोज आणि आवडीचा गेम तिच्यावर टाकायचा आणि जुनी डिस्क फोटो-सिनेमांना ठेवायची. जागेचा अंदाज मात्र आधी घ्या. जीटीए फाइव्हसारख्या एकट्या गेमला शंभर जीबीहून जास्त जागा लागते. एसएसडीने गेममधली चित्रं सुधारत नाहीत, पण वाट बघणं संपतं आणि सगळ्या घराला फरक जाणवतो.

चौथी रॅम. आठ जीबी हा आजचा किमान ओटा समजा, सोळा असेल तर उत्तम. जुन्या बोर्डात डीडीआर-थ्री बसते, नंतरच्यांत डीडीआर-फोर. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. म्हणून ब्लाउजला मॅचिंग घ्यायला कापडाचा तुकडा नेतो, तशी जुनी पट्टी काढून दुकानात बरोबर न्या. दोन सारख्या पट्ट्या जोडीने लावल्या, तर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला चांगलाच फायदा होतो.

पाचवं ग्राफिक्स कार्ड. पण ते लागतंच असं नाही, म्हणून तर 'कुठला गेम' हे आधी विचारायचं. व्हॅलोरंट हा फुकट मिळणारा गेम चार जीबी रॅमवर आणि प्रोसेसरमधल्याच इंटेल एचडी ४००० ग्राफिक्सवरही किमान पातळीला चालतो, असं कंपनीच सांगते. मोठे गेम हवेत तर कार्ड हवं. जुन्या कॉम्प्युटरला ७५ वॉटपर्यंतचं कार्ड सोयीचं, कारण तेवढी वीज ते बोर्डाच्या खाचेतूनच घेतं. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेलं अशी आहेत. १०५० टीआय त्याहून स्वस्तात मिळतं, पण कंपनीने ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्यासाठी नव्या गेमांचे ड्रायव्हर काढणं थांबवलंय, तेव्हा भाव त्या हिशेबाने करा. सेकंडहँड कार्ड दुकानातच अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि हो, ऑफिसांमधून निघालेले बुटके डबे स्वस्त मिळतात, पण त्यांत पूर्ण उंचीचं कार्ड मावत नाही. जुन्या मॉनिटरची निळ्या टोकाची व्हीजीए वायरही नव्या कार्डाला बसत नाही, छोटा कन्व्हर्टर लागतो.

सहावी गोष्ट दुकानदार सांगत नाही, म्हणून मी जोर देऊन सांगते : वीज. स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॉट दर वेळी खरे नसतात. कार्ड घालणार असाल तर नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस घ्या. आणि डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर एक रुपयाही खर्च करण्याआधी वायरमनला बोलवा. कित्येक जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. तिथे कार्ड जळण्याची गोष्ट नंतरची, मुलांच्या जिवाची आधी.

आमचं बिल असं झालं : २५६ जीबी एसएसडी १,७०० रुपये, आठ जीबीची वापरलेली रॅम ९००, सेकंडहँड १६५० कार्ड ६,५००, नवा एसएमपीएस २,३००, कन्व्हर्टर ३००. एकूण ११,७००. तीनशे उरले, त्यांची भेळ झाली! हे भाव २०२४ चे, आमच्या गावचे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले, कारण एआयच्या मोठ्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली. तेव्हा निघण्याआधी दोनतीन ठिकाणी फोन करून भाव विचारा.

आता प्रश्न, थांबायचं कुठे? माझा नियम साधा आहे. उद्या नवा कॉम्प्युटर आला तर बरोबर नेता येईल, अशा वस्तूवर सढळ हाताने खर्च करा. एसएसडी, कार्ड, एसएमपीएस बहुधा पुढच्या घरी जातात. डीडीआर-थ्री रॅम नाही जात, म्हणून ती वापरलेलीच बरी. प्रोसेसर आणि बोर्ड बदलायची वेळ आली, तर मात्र थांबा. ते बदलले की रॅमही बदलते आणि जुनी साडी रफू करता करता नवीच घेतल्याइतका खर्च होतो.

आणखी एक. आमच्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेच्या अपडेट्ससाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिलेली आहे. असा कॉम्प्युटर खेळायला ठेवा, पण बँकेचे व्यवहार त्याच्यावर करू नका.

'अहो, पण गेमचं व्यसन?' तुमच्या मनात आलंच असेल. काळजी रास्त आहे. म्हणून तर मी म्हणते, की खेळ उघड असू द्या. 'प्रोजेक्ट'च्या नावाखाली दार लावून खेळलेल्या गेमला वेळेचं बंधन कसं घालणार? बैठकीत, सगळ्यांसमोर, ठरलेला दीड तास खेळलेला गेम डोळ्यांपुढे राहतो. डब्यावरचं वयाचं रेटिंगही बघता येतं. युरोपातल्या रेटिंगमध्ये जीटीए फाइव्ह अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाच्या हट्टाला नाही म्हणायला संकोचू नका. गेम म्हणजे जुगार, हा गोंधळही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आणली, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

मुलींच्या आयांनी एक गोष्ट मात्र कान देऊन ऐकायला हवी. टीमने खेळायच्या गेममध्ये एकमेकांशी माइकवर बोलतात. बाईचा आवाज ऐकू आला, की काही जण वाटेल ते बोलायला लागतात. म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवून खेळतात. आमचीही तशीच खेळायची. 'म्यूट कर, तक्रार नोंदव, पण खेळ सोडू नकोस,' असं मी तिला सांगितलं. हे सांगता आलं, कारण खेळ घरात लपूनछपून नव्हता. लपून खेळणारी मुलगी अशा वेळी कोणाला सांगणार हो?

आणि खेळ फक्त मुलांनीच मागावा असंही कुठे लिहिलंय? स्टारड्यू व्हॅली नावाचा एक शेतीचा गेम आहे, २०१६ साली आलेला. एरिक बॅरोन या माणसाने तो एकट्याने बनवला. रोपं लावा, पाणी घाला, कोंबड्या पाळा, गावातल्या लोकांशी गप्पा मारा. त्याला कार्डबिर्ड काही लागत नाही, जुन्या कॉम्प्युटरवरही मजेत चालतो. दुपारची भांडी झाली, की अर्धा तास मी तो खेळते. कोणी विचारलं 'काय करतेस गं?' तर 'मुलीचं काहीतरी बघतेय' असं म्हणत नाही. 'खेळतेय' म्हणते.

तुमच्या घरी कोपऱ्यात कापड टाकलेला असा एखादा कॉम्प्युटर असेलच. या रविवारी कापड काढा, डबा उघडा, धूळ झटका. मुलीला विचारा, तुला काय खेळायचंय? मग पैसे किती ते ठरवा आणि दुकानात स्वतः जा. 'साहेबांना पाठवा' म्हणाले, तर सांगा, साहेबांना यातलं काही कळत नाही, माझ्याशी बोला!