यशवंतसागरला जा, पण काठ राखा

नाताळच्या सुटीत इंदूरजवळच्या यशवंतसागरला सहली निघतात. जरूर निघाव्यात, थंडीत तेथे दूरदेशीची पाणपाखरे उतरतात. पण होडी आणि पाखरू यांना एकच काठ पुरणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गंभीर नदी अडवून केलेला हा जलाशय इंदूरला पिण्याचे पाणी देतो. २०२२ साली त्याची रामसर पाणथळ म्हणून नोंद झाली. त्याचे खरे धन काठच्या उथळ लव्हाळ्यात आहे. पाखरांचा चारा व निवारा तेथेच. सारस क्रौंचाचे हे मोठे आश्रयस्थान. ही जोडी पावसाळ्यात लव्हाळ्याचा ढीग रचून बहुधा दोनच अंडी घालते व महिनाभर आळीपाळीने उबविते. माणसांनी तिला उठविले, तर कावळ्यांचे फावते.

म्हणून होडी खोल पाण्यातच फिरवावी, आणि कर्णे घरी ठेवावेत.

आपणही जबाबदार आहोत. पाणलोटात बहुतेक शेतीच आहे. फवारणीचा पंप ओढ्यात धुतला, की ते विष पाखरांच्या चाऱ्यात आणि पिण्याच्या पाण्यात उतरते. पंप ओढ्यापासून दूर, शेतातच धुवावा. सहल एका दिवसाची; पाणी रोजचे.