धैर्याची किंमत कोणी मोजावयाची?

पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. रायगडावर जाणारे लोक तेथे थांबतात, माथा टेकतात आणि राजमातेचा जयजयकार करून गडाची वाट धरतात. वस्तुतः या बाईने उजाड झालेला पुणे परगणा पुन्हा वसविला, महाराज आग्र्यात अडकले असता राज्याचा भार सांभाळला. परंतु तिच्या कर्तृत्वाचा उच्चार मातृत्वाच्या पाठोपाठच होतो. स्त्रीला मान द्यावयाचा तो माता म्हणून, नाहीतर पत्नी म्हणून, ही रीत आपल्या समाजात इतकी रुळली आहे की या दोहोंत न बसणाऱ्या स्त्रीचे मोठेपण कोणत्या खाती जमा करावे, हेच त्याला उमगत नाही. सुनीती नामजोशी यांचे नाव मराठी घरांत फारसे पोचले नाही, याचे एक कारण हे आहे.

नामजोशींचा जन्म १९४१ साली मुंबईत झाला. आजोळ फलटणच्या नाईक निंबाळकरांचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई ज्या घराण्यातल्या, त्याच घराण्याचे. १९६४ मध्ये त्या भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. १९६८ मध्ये आई सरोजिनी नामजोशी यांच्यासह त्यांनी गोविंदाग्रजांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पुढे सरकारी अधिकाराची खुर्ची सोडून त्यांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात एझ्रा पाउंडच्या काव्यावर डॉक्टरेट मिळविली आणि १९७२ पासून टोरांटो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकविले. १९८१ च्या ‘फेमिनिस्ट फेबल्स’मध्ये त्यांनी जुन्या बोधकथांचा साचा घेऊन त्यांतला बोध उलटा केला. १९८५ च्या ‘द कॉन्व्हर्सेशन्स ऑफ काऊ’मध्ये सुनीती नावाच्या समलिंगी प्राध्यापिकेची भद्रावती नावाच्या गायीशी गाठ पडते, आणि ही गोमाताही समलिंगी आहे! ऑस्ट्रेलियन कवयित्री जिलियन हॅन्सकोम्ब यांच्याबरोबर लिहिलेला प्रेमकवितांचा संग्रह १९८६ मध्ये निघाला. ज्या काळी भारतीय लेखिका हा शब्द स्वतःविषयी उच्चारत नव्हत्या, त्या काळी नामजोशींनी तो आपल्या नावानिशी छापला.

हे धैर्य वादातीत आहे. परंतु केवळ धैर्याची आरती ओवाळून थांबणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होय. हे धैर्य ज्या जमिनीवर उभे राहिले तीही पाहिली पाहिजे. विद्यापीठातील नोकरीचा पगार, आतून कडी लावता येईल असे स्वतःचे घर, भावकीची नजर पोचणार नाही असे शहर आणि जगभर वाचली जाणारी भाषा, एवढे सारे गाठीशी होते. नामजोशींना याची जाणीव नव्हती असे मुळीच नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोजा’ या आत्मकथनपर पुस्तकात त्यांनी राजघराण्यातल्या आजीबरोबर, आपल्याला लहानपणी सांभाळणाऱ्या गोजा या मोलकरणीलाही समोर उभे केले. वाड्यातली नात परदेशी जाऊन स्वतःची कथा सांगू शकली. गोजाची कथा मात्र तिने स्वतः सांगितलेली नाही. ती तिच्या मालकांच्या नातीनेच सांगितली. सारा प्रश्न या अंतराचा आहे.

पाचाडच्या एखाद्या मुलीला लग्न करावयाचे नसेल, तिला दुसऱ्या मुलीबरोबर आयुष्य काढावयाचे असेल, तर तिच्या गाठीशी काय असते? सातबाऱ्यावर बहुधा तिचे नाव नसते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम मिळालेच, तर त्या पगारावर वेगळी खोली परवडत नाही. परवडली तरी दोन अविवाहित मुलींना ती देताना घरमालक दहा प्रश्न विचारतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांवरचा कलम ३७७ चा कलंक पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळविले की, अशा जोडीदारांना शिधापत्रिकेपुरते एक कुटुंब मानावे. चांगलीच गोष्ट आहे. परंतु तहसील कार्यालयाच्या खिडकीशी, चार ओळखीच्या माणसांदेखत तो अर्ज भरावयाचा कोणी?

कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतला फरक महाड तालुक्याला कोणी शिकवावयास नको. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तेथे जाईपर्यंत ते पाणी दलितांच्या ओंजळीत आले नव्हते, आणि त्यानंतरही न्यायालयाचा झगडा दहा वर्षे चालला. हे दोन अन्याय एका मापाने मोजता येणार नाहीत. पण संघटित बळाचा आधार नसेल तर ठराव कोरडाच राहतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू आहे.

म्हणून नामजोशींची पुस्तके मराठीत यावीत, ती महाडच्या महाविद्यालयात वाचली जावीत, हे अगत्याचे आहेच. परंतु एवढ्याने भागणार नाही. नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह, कंत्राटी कामगारणीला कायम नोकरी, मुलीच्या नावे जमिनीचा प्रत्यक्ष हिस्सा, या जुन्याच मागण्या आहेत. त्यांच्यात न लग्न करणाऱ्या स्त्रीचाही प्रश्न सामावलेला आहे, हे चळवळीने उघडपणे म्हटले पाहिजे. मनाजोगते जगण्यासाठी नामजोशींना टोरांटो गाठावे लागले. पाचाडच्या मुलीला ते महाडच्या एस.टी. स्थानकापर्यंत जाऊन साधले पाहिजे.