न वाचता दिलेली मतं

सुपरहिरोंच्या कॉमिक्सबद्दल मराठीत मतं मुबलक आहेत आणि परीक्षणं जवळजवळ नाहीत. अमेरिकेत दर बुधवारी नवे अंक दुकानांत येतात आणि त्याच रात्री वाचक त्यांची झाडाझडती घ्यायला बसतात. या आठवड्यात कथा पुढे सरकली का, मारामारीवर चार पानं का खर्ची घातली, चित्रकारानं नायकाचा चेहरा शेवटच्या पानापर्यंत का लपवला, असे त्यांचे प्रश्न असतात. तळेगाव दाभाड्यातून लोकलनं पुण्याला कॉलेजला जाणारी काही मुलंमुली हेच अंक फोनवर वाचतात आणि घोरावाडी-देहूरोडच्या दरम्यान त्यावर तावातावानं भांडतात. मी त्यांचं बोलणं कान देऊन ऐकते. त्यांची मतं कच्ची असतील, पण ती वाचून झालेली असतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांची मतं अंक न उघडताच तयार असतात, आणि त्यांत माझ्या पिढीतले चांगले वाचणारे लोकही आले. हा लेख त्या तयार मतांविरुद्ध आहे.

पहिलं मत असं, की या पुस्तकांनी मुलं बिघडतात. हा आक्षेप अमेरिकेत आपल्या कितीतरी आधी घेतला गेला. फ्रेडरिक वेर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं 1954 मध्ये पुस्तक लिहून कॉमिक्सचा संबंध थेट बालगुन्हेगारीशी जोडला. त्याच वर्षी तिथल्या सिनेटनं सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. तिची पकड पुढे अनेक दशकं टिकली. शेवटचे प्रकाशक तिच्यातून बाहेर पडले ते 2011 मध्ये. पुढच्याच वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरोल टिली यांनी वेर्थमची मूळ कागदपत्रं तपासून दाखवून दिलं, की त्यानं मुलांच्या नोंदींत फेरफार केले होते आणि सोयीचं तेवढंच घेतलं होतं. म्हणजे ज्या पुराव्यावर एक अख्खी कला दबून राहिली, तो पुरावाच भरवशाचा नव्हता. तरी तेच मत आपल्याकडे पालकसभांत अजून जसंच्या तसं ऐकू येतं, आणि मांडणाऱ्याला वाटतं की हा आपला स्वतःचा अनुभव आहे.

दुसरं मत जास्त प्रतिष्ठित आहे: हे सगळं परकं, आपल्या मातीतलं नाही. असं म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी वेताळ, म्हणजे फँटम, वाचलेला असतो. टाइम्स समूहानं 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं. ऐंशीच्या दशकात ते दर आठवड्याला येत असे आणि 1990 मध्ये बंद पडेपर्यंत त्याचे आठशेवर अंक निघाले. परकेपणाच बाधत असता, तर कवटीची अंगठी घालणारा हा बुरखाधारी नायक मराठी घरांत इतकी वर्षं टिकलाच नसता. वेताळाचा खरा दोष निराळा आहे. एक गोरा माणूस बापापासून मुलाकडे वारसा चालवत चारशे वर्षं आफ्रिकेतल्या काळ्या लोकांचा रक्षक होऊन बसतो आणि ते लोक त्याला अमर मानतात. ली फॉकनं 1936 मध्ये रचलेल्या या जगाला वसाहतवादाचा वास येतो, आणि तो स्पष्ट बोलून दाखवायला हवा. पण ‘परकं’ म्हणणाऱ्यांच्या तोंडून मी हा आक्षेप कधीच ऐकला नाही, कारण तो घ्यायचा तर पानं उलटावी लागतात.

मग आपल्या मातीतला नागराज घ्या. राज कॉमिक्सनं 1986 मध्ये हिंदीत आणलेला हा नायक. प्रोफेसर नागमणी त्याला दहशतवाद्यांना भाड्यानं देण्याचं शस्त्र म्हणून घडवतो. त्याच्या रक्तात सूक्ष्म सर्प आहेत आणि त्याची बुद्धी दुसऱ्याच्या ताब्यात आहे. त्याला त्या ताब्यातून सोडवतो बाबा गोरखनाथ. श्रावणात नवनाथांची पोथी लावणाऱ्या घरांना गोरखनाथाची ओळख करून द्यायला नको! माणूस शस्त्र म्हणून जन्माला आला आणि गुरूच्या हातून मोकळा झाला, ही गोष्ट आपल्या कथनपरंपरेच्या अगदी मध्यावरची आहे. आणि नागराजच्या सुरुवातीच्या वर्षांतली चित्रं कुणाच्या हातची? पुण्याच्या प्रताप मुळीकांच्या. ‘अमर चित्र कथा’साठी पौराणिक आणि ऐतिहासिक पुस्तकं चितारणारा हाच चित्रकार. अमिताभ बच्चनला गुलाबी पोशाखात नायक बनवणाऱ्या ‘सुप्रीमो’ मालिकेची चित्रंही त्याचीच. संजय अष्टपुत्रे आणि विठ्ठल कांबळे यांनीही राज कॉमिक्समध्ये काम केलं. तिकडे ‘टिंकल’मध्ये राम वाईरकरांनी सुपंडी आणि वसंत हळबेंनी शिकारी शंभू देशभरच्या मुलांच्या ओळखीचे केले. या माणसांच्या रेषेवर, त्यांच्या चौकटीच्या मांडणीवर, मुळीकांच्या माणसाच्या अंगाला वजन कसं येतं यावर मराठीत किती लिहिलं गेलं? चित्रकलेवर लिहिणाऱ्यांनी त्यांना चित्रकार धरलं नाही आणि साहित्यावर लिहिणाऱ्यांनी लेखक धरलं नाही. हा अन्याय मला मनापासून लागतो.

तिसरं मत तळेगावात हटकून ऐकू येतं, आणि तेच सर्वांत नीट तपासावं असं मला वाटतं: आपल्याकडे खरे वीर असताना खोटे हवेत कशाला? या गावाला तसं म्हणायचा अधिकारही आहे. सरसेनापती खंडेराव दाभाडे इथले. त्यांचा मुलगा त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत पडला आणि त्यानंतर उमाबाई दाभाडे यांनी घराण्याची आणि फौजेची सूत्रं हातात घेतली. अहमदाबादच्या स्वारीत त्या स्वतः हत्तीवरून लढल्याची कथा इथल्या मुलांना शाळेत जायच्या आधीच माहीत असते. बनेश्वराच्या आवारात या घराण्याच्या समाध्या आहेत. एवढं असताना पाश्चात्त्य झगेवाला कशाला, हा प्रश्न भावनेनं समजण्याजोगा आहे.

पण इतिहासातला वीर आणि कल्पनेतला वीर यांची कामं वेगळी आहेत. डभईला दाभाडे लढले ते पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी, म्हणजे मराठ्यांची तलवार मराठ्यांवरच चालली. यात कोण चुकलं? हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलानं भर वर्गात मोकळेपणानं विचारला, तर महाराष्ट्रात आज त्याला उत्तर मिळेल की दटावणी? ऐतिहासिक व्यक्तीला जयंती असते, पुतळा असतो, वंशज असतात, भावना असतात. तिच्याबद्दल ‘या आठवड्यात ही चुकली’ असं म्हणता येत नाही, आणि काही बाबतींत तसं म्हणूही नये, कारण ते माणूस खरंच जगून गेलेलं असतं. कल्पनेतल्या नायकाशी मात्र मूल भांडू शकतं. त्यानं अमुक माणसाला मारायला नको होतं, तमुक वेळी तो भ्याला, हे लेखक वाया गेले, असं बेधडक बोलू शकतं. राज कॉमिक्समधला मुंबईचा डोगा कुत्र्याचा मुखवटा घालून गुन्हेगारांना गोळ्या घालतो. मला ते पटत नाही, कारण न्यायालयाशिवाय दिलेली शिक्षा टाळ्या घेते तेव्हा समाजाचं नुकसान होतं. हे मी कुणाचंही मन न दुखवता लिहू शकते. सत्तेची, बळाची आणि न्यायाची तपासणी करायला मुलांना अशी मोकळी जागा लागते. इतिहासाला त्या जागी उभं केलं तर दोन्हीकडून तोटा होतो: इतिहासाचा अतिमानवी तमाशा होतो आणि मुलांचा प्रश्न विचारायचा सराव सुटतो.

याच मताची एक पोटशाखा आहे. पावसाळ्यात दरीत अडकलेल्यांना काढायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’ची माणसं दोर घेऊन उतरतात, आणि मग लोक म्हणतात, हेच आमचे सुपरहिरो. कौतुक खरं आहे, पण हा शब्द त्यांना देऊ नये. त्यांचं मोठेपण यातच आहे की त्यांना कोणतीही शक्ती लाभलेली नाही. त्यांना सराव लागतो, चांगली साधनं लागतात, आपण निसरड्या कड्यावर न जाणं लागतं.

आता माझं म्हणणं. सुपरहिरोची गोष्ट तिच्या उत्तम रूपात सत्तेविषयीची गोष्ट असते आणि ती तशीच वाचली जावी. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये सुपरमॅन आणला, तेव्हा त्याच्या पहिल्या काही कथांत परग्रहावरचे राक्षस नव्हते. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो, युद्धावर पैसा करणाऱ्या शस्त्रविक्रेत्याला रणांगणावर नेतो आणि सुरक्षेवर खर्च न करणाऱ्या खाणमालकाला त्याच्या पाहुण्यांसकट त्याच्याच खाणीत अडकवून ठेवतो. हे वाचताना मला आमचा मावळ आठवतो. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे जण मेले. मावळातला सुपरहिरो कुणी लिहिला तर पहिला प्रश्न हाच येईल, की त्या दिवशी तो रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभा होता. या प्रश्नाला घाबरणाऱ्या लेखकानं या प्रकाराला हात घालू नये.

‘तेच ते श्रीमंत माणसाचे खेळ’ हा शिळा झालेला आरोपही आता धरवत नाही. ऑक्टोबर 2024 पासून निघणाऱ्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांनी ब्रूस वेनची सगळी संपत्ती काढून घेतली. तो शिक्षकाचा मुलगा आहे, त्याची आई जिवंत आहे, आणि तो शहराचे पूल-रस्ते समजणारा अभियंता आहे. ड्रॅगोटाचा बॅटमॅन पान व्यापून उरतो. ते शरीर पैशानं विकत घेतलेलं नाही हे चित्र पाहूनच कळतं. यातलं सगळंच मला आवडतं असं नाही. हिंसेचा भर काही ठिकाणी कथेपेक्षा जड होतो. शिवाय एकाच घटनेसाठी दहा मालिका विकत घ्यायला लावणं आणि एकाच अंकाला अनेक मुखपृष्ठं लावून खपवणं ही अमेरिकी धंद्याची खोड वाचकावर अन्याय करणारी आहे, हेही ठणकावून सांगायला हवं. बहुतेक आठवड्यांचे बहुतेक अंक सामान्य असतात. कादंबऱ्यांचंही तसंच आहे, आणि म्हणून कुणी कादंबरीच नको म्हणत नाही.

मराठीचं दुखणं असं, की हात आपले आणि वाचा दुसऱ्याची. मुळीकांचा नागराज हिंदी बोलला. अभिजित किणी यांची नऊवारीतली ‘अँग्री मावशी’ इंग्रजीत छापली गेली. 2023 मध्ये ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ चित्रपट मराठी आवाजांतही आला, म्हणजे त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर पडद्यावर मराठी बोलला. 2015 मध्ये ‘बाजी’ या चित्रपटानं मराठी मुखवटाधारी नायक उभा करून पाहिला. छापील पानावर मात्र आपण हात आखडतो आणि बाजार लहान असल्याचं सांगतो. तळेगावात तरी हे कारण चालू नये. इथला काच कारखाना 1908 मध्ये उभा राहिला तो पैसा फंडातून, माणसामागे एकेक पैसा गोळा करून. ज्यांना हवं त्यांनी थोडं थोडं घातलं आणि कारखाना झाला.

गो. नी. दांडेकर याच गावात राहून लिहीत होते. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीचा आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगाच्या पायथ्याचा. त्या माणसांपाशी कुठलीही अद्भुत शक्ती नाही, तरी त्यांच्यासाठी वाचकाचा जीव कासावीस होतो. नायक घडवायला डोंगर, धुकं, धरणं आणि गमावलेल्या जमिनी इथं आहेत. चित्र काढणारी मुलंही आहेत. दिवाळी अंकांच्या संपादकांनी कथा-कवितांच्या शेजारी सोळा पानं चित्रकथेला द्यावीत, लेखकाइतकंच मानधन चित्रकाराला द्यावं, रंग भरणाऱ्याचं आणि अक्षरं काढणाऱ्याचं नावही छापावं. पहिल्या कथा फसतील. त्या का फसल्या, चौकट कुठं मोडली, संवादानं चित्राची जागा कुठं खाल्ली, हे लिहायला परीक्षक पानं उलटून, चित्र वाचून आणि नावानिशी पुढे यायला हवा. लोकलमधली ती मुलं हे काम रोज तोंडी करतात. त्यांच्यापैकी एखाद्याला तरी संपादकांनी लिहायला बोलवावं.