आधी वस्तू, मग इमारत!

नांदेड-लातूरला कलादालन हवे, असे म्हणणारे सद्‍गृहस्थ मला हल्ली जागोजाग भेटतात. हवेच, माझे दुमत नाही. पण त्यांच्या मागणीत पहिली येते ती इमारत, मग गुळगुळीत फरशी, मग उद्‍घाटनाची फीत. आत ठेवणार काय, असे विचारले की मंडळी मुंबईच्या जहांगीरकडे बोट दाखवितात!

अहो, जरा तेरकडे पाहा. १९८२ पर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आधी दालन बांधले नाही. पावसाने पांढरी धुपली की मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. इतरांनी जी खापरे म्हणून लाथाडली, ती ह्या गृहस्थाने जमविली. सातवाहनकाळच्या हजारो वस्तू! आजचे सरकारी संग्रहालय उभे आहे ते त्या वेडावर. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहा. तिची बहीण शोभेल अशी एक इटलीत पॉम्पेईला १९३८ साली सापडली, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीत गाडलेली. नेपल्सला जाऊन तिचे फोटो काढणारे लातूरकर मला ठाऊक आहेत. तेरला मात्र ते उतरत नाहीत. वाटेत चहा बरा मिळत नाही म्हणे!

नांदेडकरांनी हसू नये. कंधारच्या भग्न क्षेत्रपालाची अजस्र पावले, होट्टलची चालुक्यकालीन देवळे त्यांनी किती मुलांना दाखविली?

आणि मी तरी कोण मोठा! परवा दिवाळीसाठी माळा झाडताना आजोबांची पितळी दौत भंगारवाल्याच्या तराजूत टाकायला निघालो होतो. बायकोने हात धरला. दौत आता कोनाड्यात आहे.