आधी हात बोलू द्या



आज एका वेगळ्या बाळाविषयी लिहायचे आहे. असे बाळ आपल्या वस्तीत क्वचितच असते, पण ज्या घरात असते त्या घराची झोप उडालेली असते. बाळाला ऐकू येत नाही आणि दिसतही नाही, किंवा अगदी अंधुक दिसते. अशा मुलाला बधिरांध म्हणतात. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर तपासून सांगतात, "कॉक्लिअर इम्प्लांटचे ऑपरेशन करता येईल." तारीख मिळायला काही महिने जातात. मग आईच्या मनात प्रश्न येतो, तोवर या लेकराशी बोलायचे कसे?

उत्तर सरळ आहे. ऑपरेशनची वाट पाहू नका. बोलणे आजच सुरू करा, आणि ते हाताने करा.

दोष आईचा नाही

असे मूल जन्मले की पहिले बोट आईकडे जाते. "मागल्या जन्मीचे पाप", "ग्रहणात बाहेर पडली होती" असे शेजारीपाजारी बोलतात. कुणी नवस सांगतो, कुणी अंगारा आणून देतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या घरात हे शोभत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गेल्या जन्मीच्या कर्माची फळे या जन्मी भोगावी लागतात हा विचार स्पष्टपणे नाकारला आहे. तेव्हा कारण शोधायचे तर ते शरीरात शोधावे.

एक मोठे कारण म्हणजे रुबेला हा ताप. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला तो झाला, तर तिला अंगावर थोडे पुरळ आणि थोडी कणकण एवढेच जाणवते. पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कानात बहिरेपणा आणि हृदयात दोष राहू शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. नॉर्मन ग्रेग यांनी हा संबंध प्रथम दाखवून दिला. यावर लस आहे. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. आता ती नेहमीच्या लसीकरणात बाळाला नऊ ते बारा महिन्यांत एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांत दुसऱ्यांदा देतात. ती चुकवू नका.

दुसरे कारण रक्ताचे. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे. नवरा-बायको जवळच्या नात्यातले असले, की दोघांकडून एकच लपलेला दोष मुलात उतरण्याची शक्यता वाढते. अशर नावाचा एक आजार असाच येतो. त्यात मूल जन्मतः बहिरे असते आणि नजर पुढे हळूहळू कमी होत जाते. म्हणून बहिऱ्या मुलाचे डोळे आणि आंधळ्या मुलाचे कान तपासलेच पाहिजेत. लग्न जुळवतानाही याचा विचार व्हावा.

ऑपरेशन म्हणजे काय

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक लहान भाग असतो. आवाजाचे रूपांतर तिथे विजेच्या संदेशात होते आणि तो शिरेतून मेंदूकडे जातो. शंखातल्या बारीक पेशी निकामी असतील, तर कानाच्या साध्या मशीनचा फारसा उपयोग होत नाही. ऑपरेशनमध्ये कानामागे कातडीखाली एक भाग बसवतात आणि त्याची बारीक तार शंखात सोडतात. बाहेर कानावर लावायचे मशीन असते. त्याची चकती लोहचुंबकाने डोक्याला चिकटून राहते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. ग्रॅमी क्लार्क यांनी १९७८ साली अनेक वाहिन्यांचे असे यंत्र एका रुग्णाला बसवले.

आधी बेरा चाचणी, सीटी स्कॅन आणि एमआरआय होतात. ऐकण्याची शीर शाबूत आहे की नाही हे त्यातून कळते. काही महिने साधे मशीन लावूनही पाहतात. हे सर्व लवकर व्हावे, कारण मेंदू आवाज शिकतो तो मुख्यतः पहिल्या तीन-चार वर्षांत. नवस फेडण्यात गेलेले एक वर्ष परत मिळत नाही.

हाताची भाषा

ऐकणाऱ्या बाळाला आईची पावले कळतात आणि पाहणाऱ्याला तिचा चेहरा कळतो. बधिरांध बाळाला मात्र काहीच सूचना नसते. अचानक कुणीतरी उचलते, अचानक अंगावर पाणी पडते, अचानक तोंडात घास येतो. मग ते दचकते, अंग चोरते, रडते, आणि लोक म्हणतात मूल हट्टी आहे. ते हट्टी नसते, घाबरलेले असते.

म्हणून पहिला नियम असा, की न सांगता हात लावू नये. आधी खांद्यावर हळूच तळवा ठेवा आणि क्षणभर थांबा. मग आपण कोण ते सांगा. आईने बाळाचा हात आपल्या बांगड्यांवर न्यावा, वडिलांनी मनगटावरच्या घड्याळावर, आजीने चष्म्यावर. रोज तेच. काही दिवसांत बाळ बांगडी चाचपून आईला ओळखते.

दुसरा नियम, प्रत्येक कामाची एक वस्तू ठरवा. आंघोळीआधी हातात साबणाची वडी, जेवणाआधी चमचा, बाहेर जाण्याआधी टोपी. वस्तू रोज तीच असावी आणि काम तिच्या पाठोपाठ लगेच व्हावे. तीन रिकामे डबे ओळीने मांडून त्यात दिवसाच्या कामांच्या वस्तू ठेवल्या, तर पुढे काय होणार हे बाळाला हातानेच कळू लागते. काम झाले की वस्तू परत डब्यात टाकून "संपले" अशी हाताची खूण करावी.

तिसरा नियम, बाळाचे हात ओढू नका. आपण काही दाखवताना त्याचा पंजा पकडून फिरवतो, पण हात हेच त्याचे डोळे आहेत. त्याऐवजी आपला हात खाली ठेवा आणि त्याचा हात वर राहू द्या. नको वाटले तर त्याला हात काढून घेता आला पाहिजे. खूण केल्यावर सावकाश दहापर्यंत अंक मोजा, घाई करू नका. बाळाने हालचाल केली, ओठ हलवले किंवा हात पुढे केला, तर ते त्याचे उत्तर आहे. त्या उत्तराला आपण दाद दिली की संवाद सुरू झाला.

यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. अमेरिकेतील हेलन केलर एकोणीस महिन्यांची असताना आजारात दोन्ही इंद्रिये गमावून बसली. तिची शिक्षिका ॲन सुलिव्हन ही गरीब घरातली, अनाथालयासारख्या सरकारी आश्रमात वाढलेली आणि स्वतः अधू नजरेची मुलगी होती. तिची जन्मतारीख १४ एप्रिल १८६६, म्हणजे आपल्या भीमजयंतीचाच दिवस. एप्रिल १८८७ मध्ये तिने हेलनच्या एका हातावर हापशाचे पाणी पडू दिले आणि दुसऱ्या तळहातावर 'पाणी' हा शब्द बोटांनी लिहिला, तेव्हा वस्तूंना नावे असतात हे त्या मुलीला कळले. तेव्हा कुठलेही यंत्र नव्हते. पुढे हेलन केलर पदवीधर आणि लेखिका झाल्या आणि १९५५ साली भारतातही येऊन गेल्या. त्यांच्याच नावाने बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली मुंबईत बधिरांध मुलांसाठी संस्था सुरू केली. आपल्या देशात अशा मुलांच्या शिक्षणाची ती सुरुवात होती.

ऑपरेशनची तयारी

ऑपरेशनचे सांगून या बाळाची समजूत घालता येत नाही. पण सवय लावता येते.

दोन-तीन आठवडे आधीपासून खेळताना डोक्याला मऊ पट्टी गुंडाळा, आधी एक मिनिट, मग पाच, मग पंधरा. कानावर टोपी घालण्याची सवय लावा. दवाखान्याची वस्तू म्हणून कापसाचा एक गुंडाळा ठरवा आणि प्रत्येक तपासणीला जाताना तो बाळाच्या हातात द्या. समोरून बटणे असलेले शर्ट शिवून किंवा विकत घ्या, कारण पट्टी असताना डोक्यावरून कपडा घालता येत नाही.

मेंदूज्वराचा धोका टाळण्यासाठी ऑपरेशनआधी ठराविक लसी द्याव्या लागतात. त्या दोन आठवडे तरी आधी पूर्ण व्हाव्यात, म्हणून डॉक्टरांना स्वतःहून विचारा. रुबेलाचे बाळ असेल तर हृदयाची तपासणी झाली आहे हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. चष्मा असेल तर पट्टीवर तो कसा बसवायचा हेही विचारून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सलाइनची सुई साधारणपणे हाताला लावतात आणि मूल ओढू नये म्हणून हात फळीला बांधतात. बधिरांध बाळाचे हात बांधणे म्हणजे त्याची जीभ आणि डोळे एकदम बांधणे. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे पण ठामपणे सांगा, सुई शक्य असेल तर पायाला लावा, नाहीतर बाळ ज्या हाताने कमी चाचपते त्या हाताला लावा. एक हात तरी मोकळा राहू द्या. भूल चढेपर्यंत आणि शुद्धीवर येताना आईचा हात त्याच्या हातात राहू द्यावा, अशी विनंती आदल्या दिवशीच करा. भुकेले लेकरू फार वेळ थांबू नये म्हणून पहिला नंबर मागा. खाटेच्या उशाशी मोठ्या अक्षरांत कागद लावा : "मला ऐकू येत नाही, दिसत नाही. आधी खांद्यावर हात ठेवा, मग काम करा." वाचून परिचारिका भगिनी नक्की सहकार्य करतात.

घरी आल्यावर जखम कोरडी ठेवा. काही दिवस बाळाचा तोल जाऊ शकतो. ताप, उलट्या, मान ताठ होणे यांपैकी काही दिसले तर तडक दवाखाना गाठा.

मशीन सुरू झाल्यावर

तीन-चार आठवड्यांनी मशीन सुरू करतात. सिनेमात दाखवतात तसे बाळ त्या क्षणी हसून "आई" म्हणत नाही. बहुधा ते दचकते किंवा रडते. त्याच्यासाठी तो आवाज नसून डोक्यात उठलेली एक अनोळखी खळबळ असते. पाहणाऱ्या मुलाला आवाज कुठून आला ते दिसते, आपल्या बाळाला दिसत नाही. म्हणून आवाज हाताशी जोडावा लागतो. त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवून त्याचे नाव घ्या. स्टीलचा डबा वाजवताना हात डब्यावर ठेवा. ढोलकीच्या पुड्यावर हात ठेवून थाप द्या. आधी स्पर्श, मग आवाज, मग पुन्हा तोच आवाज, असा क्रम ठेवा.

आणि साबणाची वडी, चमचा, बांगडी सोडू नका. "आता मशीन बसले, खुणा बंद करा," असे कुणी म्हणेल, पण मशीन आंघोळीला आणि झोपताना काढावे लागते, आणि बॅटरीही संपते. त्या वेळी हातच कामाला येतात. काही मुले शब्द बोलू लागतात, काही नाही. पण आपले नाव ओळखणे, आईची हाक कळणे, मागून येणाऱ्या गाडीची चाहूल लागणे, हेही थोडे नाही. मिरवणुकीतल्या डॉल्बीपासून मात्र बाळाला लांब ठेवा.

पैसा आणि कागद

ऑपरेशनचा खर्च लाखांत आहे आणि मजुरीवर जगणाऱ्या घराला तो झेपणारा नाही. पण वाट बंद नाही. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत २०१४ पासून पाच वर्षांपर्यंतच्या जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट मिळते. तिचे काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणा आणि मोतीबिंदू दोन्ही येतात. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला बाळ दाखवा, आणि कोल्हापुरात सीपीआरच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि युडीआयडी कार्ड एका पिशवीत तयार ठेवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात बधिरांधतेचा उल्लेख बहुविकलांगतेत आहे. म्हणून दाखल्यावर फक्त 'कर्णबधिर' लिहून घेऊ नका, दोन्ही दोष लिहून घ्या.

ऑपरेशन फुकट झाले तरी पुढे बॅटऱ्या, तारा, दुरुस्ती, आणि आवाज जुळवून घेण्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून मुंबईच्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीला एका माणसाचा खाडा पडतो. हा भार एकट्या आईवर टाकू नका. वडिलांनी बाळाच्या वस्तू आणि खुणा शिकाव्यात, सुट्टीच्या दिवशी आंघोळ त्यांनीच घालावी. आजीने आणि मोठ्या भावंडांनी त्याच खुणा वापराव्यात. घरात पाच माणसांच्या पाच खुणा झाल्या तर बाळ गोंधळते.

विहार समित्यांनाही एक विनंती आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांचे म्हणणे मांडण्यासाठी. त्या कामाला राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली होती, आणि आपण त्यांच्याच कोल्हापुरात राहतो. आपल्या विहाराच्या परिसरात असे बाळ असेल तर समितीने एक शिकलेला कार्यकर्ता अर्ज भरण्यासाठी द्यावा, आणि वर्षाच्या बॅटऱ्यांचा खर्च वर्गणीतून बाजूला काढावा. रविवारच्या वंदनेला त्या बाळाला आणायला सांगा. त्याच्या खांद्यावर हात ठेवा, थांबा, आणि मग त्याला आपला हात चाचपू द्या.

जयभीम!