स्वस्त कुणाला पडले?

जुने कपडे विकत घेणे ही आता लाजेची गोष्ट राहिलेली नाही, ती अभिमानाने सांगायची गोष्ट झाली आहे. एकदाच नेसलेली पैठणी चौथाई किमतीत मिळाली, हातमागाची साडी शेवटच्या मिनिटाला बोली लावून पटकावली, असे मैत्रिणी एकमेकींना सांगतात. त्यात काटकसरीचा आनंद असतो आणि पर्यावरण राखल्याचे समाधानही. चळवळीतल्या आपण याला अपवाद नाही. वापरलेला कपडा पुन्हा अंगावर येतो हे चांगलेच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो ‘पटकावली’ या शब्दाशी. कुणाकडून पटकावली? आणि जिच्याकडून पटकावली तिला ‘नाही’ म्हणायची सोय होती का?

वापरलेल्या वस्तूंचा ऑनलाइन लिलाव तसा नवा नाही. अमेरिकेत ईबे १९९५ साली सुरू झाले. त्यांचे भारतातले संकेतस्थळ २०१८ साली बंद झाले, पण बोलीची रीत राहिली. २०२०च्या टाळेबंदीच्या काळात इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची छोटी छोटी दुकाने निघाली. त्यांतली काही एकच भाव सांगतात, काही बोली मागवतात. या लिलावाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. विकणारी राजी, घेणारी राजी, मग तिसरीने नीतीची उठाठेव कशाला करावी? किमान किंमत विकणारीनेच ठरवायची असते. परवडत नसेल तर तिने विकू नये.

काही व्यवहारांपुरते हे खरे आहे. जिच्या कपाटात तीस साड्या आहेत आणि जागा करायची म्हणून जी दोन विकते आहे, तिची साडी कमी भावात मिळाली तर त्यात अन्याय कसला? भाव पटला नाही तर ती महिनाभर थांबू शकते. पण सगळे लिलाव असे नसतात. त्यात मुरलेली गिऱ्हाइके एक युक्ती वापरतात. ती वस्तूचे नाव मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने शोधतात. जिला आपल्या वस्तूचे नाव नीट लिहिता आले नाही तिची वस्तू इतरांना सापडतच नाही, बोली चढत नाही आणि माल कवडीमोलाने हाती येतो. याला हुशारी म्हणण्याची पद्धत आहे. अंगठा उठवणाऱ्या बाईचे अज्ञान सावकाराच्या कामी यायचे, तेव्हा मात्र आपण त्याला हुशारी म्हणत नव्हतो.

तेव्हा स्वस्ताईची कसोटी ‘दोघी राजी होत्या का’ ही असू शकत नाही. भुकेले माणूस कशालाही राजी होते. विचारायला हवे ते हे, की या सौद्यातून कोण उठून जाऊ शकते आणि वस्तूचे खरे मोल कुणाला ठाऊक आहे.

हीच कसोटी घेऊन आपल्या दारात येऊ या. आपल्या शहरांत जुन्या कपड्यांची बोली इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आणि ती बोहारणीबरोबर लागते. दोन साड्या आणि तीन पँटींवर गंज मिळेल की पातेले, वर एक शर्ट द्यायचा की नाही, याची तासभर चालणारी घासाघीस आपल्यातल्या पुष्कळजणींनी लहानपणापासून पाहिली आहे. तिच्यावर विनोदही भरपूर झाले. नवऱ्याचा आवडता शर्ट देऊन टाकणारी बायको आणि तिला गंडवणारी बोहारीण, दोघींनाही हसून पुरुष मोकळे झाले. घरातल्या पैशावर हक्क नसलेल्या बाईला कुणाला न विचारता देवघेव करता येईल अशी चीज म्हणजे घरातले जुने कपडे, हे मात्र त्या विनोदांना दिसले नाही. म्हणून गृहिणीला लोभी ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

तरीही त्या उंबरठ्यावरच्या दोन बायका समान नसतात. गृहिणीला भाव पटला नाही तर ती दार लावून घेते. पातेले आज नाही तर पुढच्या महिन्यात येईल. बोहारणीने भांड्यांत आधीच पैसे गुंतवलेले असतात. संध्याकाळपर्यंत गाठोडे भरले नाही तर तिचा दिवस बुडतो. एक उठून जाऊ शकते, दुसरी शकत नाही.

शिवाय तिचे खरे काम आपल्याला दिसतच नाही. कपडे घरी नेऊन निवडायचे, धुवायचे, उसवलेले शिवायचे, बटणे लावायची, इस्त्री करायची आणि मग बाजारात न्यायचे. दिल्लीत रघुबीर नगरचा जुन्या कपड्यांचा बाजार पहाटे अंधारातच भरतो. दिल्लीत आणि मुंबईत या धंद्यात गुजरातकडच्या देवीपूजक समाजाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. ‘वाघरी’ म्हणून हिणवले जाते तो हाच समाज. पुढे चांगला कपडा गरीब गिऱ्हाइकाकडे जातो. फाटक्या सुती कपड्याच्या गॅरेजमध्ये पुसायच्या चिंध्या होतात. खऱ्या जरीच्या साड्या चांदीसाठी घेणारे व्यापारी वेगळे. रेशमी साड्यांचे घागरे, चादरी, उशांचे अभ्रे होतात आणि ते परदेशी गिऱ्हाइकांना विकले जातात. प्रत्येक पायरीवर भाव चढतो, पण चढलेल्या भावातला पैसा पायऱ्या उतरून बोहारणीपर्यंत येत नाही.

आता इन्स्टाग्रामवरच्या दुकानाकडे पुन्हा पाहा. जुने कपडे गोळा करणे, निवडणे, धुणे, दुरुस्त करणे, विकणे, काम तेच आहे. फोनवर हे काम करणाऱ्या शिकलेल्या मुलीला आपण उद्योजिका म्हणतो, पर्यावरणाची कैवारी म्हणतो. तिचे कौतुक जरूर व्हावे. पण डोक्यावर पाटी घेऊन तेच काम करणाऱ्या बाईसाठी आपल्या सोसायटीच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते आणि पहारेकरी तिच्याकडे चोर म्हणून बघतो. हा फरक कामाचा नाही. तो जातीचा, वर्गाचा आणि भाषेचा आहे. फाटके बंद होतात आणि कपाटातले कपडे फोनवरून परस्पर विकले जातात, तेव्हा बोहारणीच्या हातचा कच्चा मालच काढून घेतला जातो, आणि तेही पर्यावरणाच्या नावाने.

काहीजणी म्हणतात, आम्ही जुने घेतो म्हणजे कापड कंपन्यांच्या शोषणात भागीदार होत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राना प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य कपडे शिवणाऱ्या बायका होत्या. त्या स्वस्ताईला नकार देणे योग्यच आहे. पण कपड्यातले बाईचे श्रम शेवटच्या टाक्यापाशी संपत नाहीत. परदेशांनी टाकून दिलेले लोकरी कपडे पानिपतला येतात. तिथे बायका पात्यांवर त्यांची बटणे, चेन, अस्तर कापून काढतात, मग त्यांचे सूत आणि ब्लँकेटे होतात. नवे असो की जुने, कपडा स्वस्त होतो तो बहुधा बाईच्या मजुरीतूनच.

मग बोहारणीला एक शर्ट जास्त दिला की झाले का? नाही. दया हा मजुरीला पर्याय नव्हे. पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. आपण भीक मागत नाही, शहराचे काम करतो, हे या बायकांनी ठणकावून सांगितले, ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ साली ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था कामाला लागली. जुना कपडा कचऱ्यात जाऊ न देणारी बाई याहून वेगळे काय करते? २०१४च्या पथविक्रेता कायद्यात फिरत्या विक्रेत्यांचाही समावेश आहे. नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. भांडी देऊन कपडे घेणारीची नोंद या कायद्याखाली व्हावी, ही मागणी आपल्या गटांनी आपापल्या शहरात समितीपुढे न्यायला हवी.

तोवर हातात आहे तेवढे करू या. सोसायटीच्या सभेत बोहारणीच्या प्रवेशाचा ठराव मांडू या. तिला द्यायचा कपडा धुऊन देऊ या आणि फाटलेले दडवू नये. ऑनलाइन लिलावात कुणी आपल्या वस्तूचे नाव चुकीचे लिहिले असेल तर बोली लावण्याआधी तिला कळवू या. संस्थेच्या निधीसाठी जुन्या कपड्यांची विक्री ठेवायची असेल तर माल बोहारणींकडून, त्यांनी सांगितलेल्या भावाने घेऊ या. आणि ज्या सौद्यात समोरची उठून जाऊ शकत नाही, तिथे भावाचा शेवटचा शब्द तिचा असू द्या.